सुरुंग सापडत नाही, मग सुरुंगविरोधी जहाज महिनोन्‌महिने तिथे करतं काय?

प्रश्न असा आहे: सुरुंगविरोधी जहाजं वर्षानुवर्षं एखाद्या आखातात तैनात असतात. बातम्यांत त्यांचे सरावच सराव दिसतात, खरा सुरुंग सापडल्याचं मात्र क्वचितच ऐकू येतं. मग ती तिथे करतात काय? आणि आपणच टाकलेले खोटे सुरुंग आपणच शोधायचे, यात शिकण्यासारखं काय आहे?

प्रश्न खोचक आहे, पण रास्त आहे. मी काही वर्षं अशा जहाजावर सोनारसमोर (पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून वस्तू शोधणारं यंत्र) बसलो आणि नंतर सराव आखणाऱ्यांच्या बाजूला गेलो. म्हणजे आधी कोडी सोडवली, मग घातली. त्यामुळे जरा ऐसपैस उत्तर देतो.

तेलवाहू जहाजाचा कप्तान, बंदराचा अधिकारी, मागून येणाऱ्या ताफ्याचा प्रमुख, या सगळ्यांना आमच्याकडून एकच वाक्य ऐकायचं असतं: रस्ता मोकळा आहे. सुरुंग सापडला की ते वाक्य सोपं होतं, कारण तो उडवायचा आणि पुढे जायचं. काहीच सापडलं नाही तर पंचाईत. खरंच काही नाही, की आपल्याला दिसलं नाही? हा फरक सांगता यावा म्हणूनच सगळी तैनाती आणि सगळे सराव असतात.

सुरुंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शिंगं असलेला काळा गोळा येतो. तो प्रकार अजून जिवंत आहे, आणि फार स्वस्त आहे. 14 एप्रिल 1988 रोजी पर्शियन आखातात अमेरिकेची ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्‌स’ ही फ्रिगेट प्रकारची युद्धनौका ज्या इराणी सुरुंगावर आदळली, त्याचा मूळ आराखडा 1908 चा रशियन होता. सुरुंगाची किंमत दीड हजार डॉलरच्या आसपास सांगतात, जहाजाच्या दुरुस्तीचा खर्च नऊ कोटी डॉलरच्या घरात गेला. जहाजाचा कणा मोडला होता. ते तरंगत राहिलं ते खलाशांनी जीव तोडून पाणी रोखलं आणि आगी विझवल्या म्हणून.

दुसरा प्रकार जास्त वाईट. तो तळाशी गप्प पडून असतो आणि जहाजाचं चुंबकत्व, पंख्याचा आवाज किंवा जहाज वरून गेल्यावर पाण्याच्या दाबात होणारा बदल ओळखून फुटतो. यातल्या अनेकांत मोजणी लावलेली असते: पहिली पाच जहाजं जाऊ दे, सहाव्याला फूट. म्हणजे पाच जहाजं सुखरूप गेली, सबब रस्ता मोकळा, हे गणित इथे चालत नाही. 18 फेब्रुवारी 1991 रोजी कुवेतसमोर काही तासांच्या अंतराने ‘ट्रिपोली’ आणि ‘प्रिन्स्टन’ ही दोन अमेरिकी जहाजं सुरुंगांच्या तडाख्यात सापडली. पहिली दोराला बांधलेल्या जुन्या पद्धतीच्या सुरुंगावर, दुसरी तळाच्या सुरुंगावर. त्यातली ‘ट्रिपोली’ तर सुरुंग काढणाऱ्या हेलिकॉप्टरांचाच तळ म्हणून काम करत होती.

आता आमचं काम प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो, कारण तैनातीचं खरं कारण त्यातच आहे.

सुरुंगविरोधी कामाच्या दोन जुन्या वाटा आहेत. एक झाडून काढण्याची, म्हणजे स्वीपिंग. मागे दोर ओढायचा, त्यावर कातऱ्या लावायच्या, सुरुंगाचा दोर कापायचा, तो वर आला की बंदुकीने उडवायचा. तळाच्या सुरुंगासाठी मागे विजेची केबल आणि आवाज करणारं यंत्र ओढायचं आणि मोठं जहाज चाललंय असं त्याला भासवायचं. दाबावर फुटणाऱ्या सुरुंगाला मात्र असं फसवणं जवळजवळ अशक्य. तेवढं पाणी हलवायला तेवढंच जहाज लागतं. दुसरी वाट शिकारीची, म्हणजे हंटिंग. सोनारने तळाचा एकेक तुकडा बघायचा, संशयास्पद वस्तू दिसली की थांबायचं, नीट पाहायचं, मग डायव्हर किंवा पाण्याखालचं छोटं यंत्र पाठवायचं. आज भर दुसरीवर आहे, तरी पहिलीला रजा देता येत नाही. का, ते पुढे येईल.

शिकारीत जहाज चार नॉटच्या, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास चालतं. माणूस भराभर चालेल तेवढाच हा वेग. सोनारच्या पडद्यावर ठिपका दिसला की आम्ही त्यापेक्षा त्याच्या सावलीकडे बघतो. आवाजाच्या वाटेत वस्तू आली की तिच्यामागे तळावर आवाज न पोचलेला काळा पट्टा उमटतो. सोनार तळापासून 20 मीटर वर आहे, सावलीचं टोक 200 मीटरवर आहे आणि सावली 10 मीटर लांब आहे, तर वस्तू साधारण 1 मीटर उंच. शाळेतली समरूप त्रिकोणांची भूमिती, बाकी काही नाही. गोलसर सावली, लांबट सावली, कडा धारदार की विरघळलेल्या, यावरून ऑपरेटर ठरवतो की खडक आहे, पिंप आहे, की पुढे जाऊन बघावं असं काही आहे.

आणि समुद्राच्या तळाशी काय काय असतं म्हणून सांगू! नांगर, साखळ्या, टायर, कंटेनर, मासेमारीचे सापळे, बुडालेल्या होड्या. मी आयुष्यात पहिल्यांदा छातीत धडधडत ज्या वस्तूवर कॅमेरा पाठवला, ते कपडे धुण्याचं यंत्र निघालं. वरून झडप उघडणारं. त्यानंतर जहाजावर माझं नाव काय पडलं असेल ते ओळखा.

आता एक हिशेब मांडतो. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाण खरं आहे. समजा 40 किलोमीटर लांब आणि 2 किलोमीटर रुंद असा जहाजांचा मार्ग आहे, म्हणजे 80 चौरस किलोमीटर. चार नॉटने, 200 मीटरचा पट्टा बघत गेलो तर ताशी दीड चौरस किलोमीटर होतं. न थांबता 54 तास. पण थांबावं लागतंच. दर चौरस किलोमीटरला 10 संशयास्पद वस्तू धरल्या तर 800 वस्तू होतात. प्रत्येकीला 20 मिनिटं दिली की आणखी 267 तास. एकूण तेरा-साडेतेरा दिवस, तेही हवामानाने साथ दिली आणि काही बिघडलं नाही तर. तोवर बंदर बंद.

हाच मार्ग आधी दोन वर्षं पुन्हापुन्हा तपासून ठेवला असेल, 800 पैकी 760 वस्तू नोंदलेल्या असतील, त्यांचे फोटो आणि नेमक्या जागा हातात असतील, तर बघायला फक्त 40 नव्या उरतात. त्यांना 13 तास. साडेतीन दिवसांच्या आत काम आटोपतं. (जुन्या वस्तूच्या अगदी शेजारी कुणी सुरुंग ठेवला तर काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तुम्ही या धंद्यात शोभाल. म्हणून जुन्यांवरही नजर टाकतोच, पण तिला मिनिटभर पुरतं.)

तैनातीत जहाज काय करतं, याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे. ते त्याच त्या वाटांवरून पुन्हापुन्हा जातं आणि तळाची यादी अद्ययावत ठेवतं. वादळ झालं की वाळू सरकते, काही वस्तू गाडल्या जातात, काही उघड्या पडतात, की यादी पुन्हा तपासायची. काम कंटाळवाणं आहे, बातमी होत नाही. पण संकटाच्या दिवशी ही यादी नसेल तर जगातलं सर्वोत्तम जहाजही आठवडाभर घरगुती भंगाराचे फोटो काढत बसतं.

यादीइतकंच महत्त्वाचं म्हणजे तिथलं पाणी. सोनार हवेत चालत नाही, पाण्यात चालतं, आणि पाणी सगळीकडे सारखं नसतं. उष्ण प्रदेशातल्या उथळ आखातात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं त्या मानाने थंड राहतं, आणि त्या सीमेवर आवाज वाकतो. पडदा स्वच्छ दिसतो, मधला एक पट्टा मात्र चक्क आंधळा असतो. बाल्टिक समुद्रात हीच गंमत मिठाच्या प्रमाणामुळे होते: वर कमी खारं, खाली जास्त खारं. म्हणून काही जहाजांवर सोनार केबलने खोल सोडता येतो, थराच्या खाली. पण थर आज कितीवर आहे, दुपारी कुठे सरकतो, वारा पडला की काय होतं, हे पुस्तकातून कळत नाही. तिथे राहून, रोज पाण्याचं तापमान मोजूनच कळतं. एका हंगामात तिथे काम केलेला ऑपरेटर आणि काल आलेला ऑपरेटर यांच्यात मी दुसऱ्यावर पैज लावणार नाही, मग त्याची पदकं कितीही असोत.

तिसरं कारण साधं आहे: ही जहाजं हळू आणि छोटी असतात. ब्रिटिश ‘हंट’ वर्गाचं जहाज 60 मीटर लांब, काचतंतूच्या प्लॅस्टिकचं. अमेरिकी ‘अॅव्हेंजर’ वर्गाचा सांगाडा लाकडी, वर काचतंतूचं आवरण. लाकूड आणि प्लॅस्टिक कशासाठी, तर चुंबकत्व नको म्हणून. अशा जहाजाला महासागर ओलांडून धाडायचं म्हणजे आठवडेच्या आठवडे जातात. ऑगस्ट 1990 मध्ये अमेरिकेने आपली चार सुरुंगविरोधी जहाजं चक्क ‘सुपर सर्व्हंट 3’ नावाच्या मोठ्या मालवाहू जहाजाच्या पाठीवर लादून आखातात नेली. 1991 च्या एप्रिलमध्ये जपानने चार माइनस्वीपर आणि सोबत दोन मदतजहाजं धाडली. लाकडी जहाजं महिनाभर प्रवास करून पोचली आणि त्यांनी 34 सुरुंग निकामी केले. काम उत्तम झालं, पण युद्ध तोवर संपलं होतं. ब्रिटनने 2006 पासून बरीच वर्षं आखातात अशी जहाजं कायम ठेवली. जहाज तिथेच राहायचं आणि खलाशी विमानाने आळीपाळीने जायचे-यायचे. लोकांना हा खर्च अनाठायी वाटतो. मला तो स्वस्तातला सौदा वाटतो.

तैनातीतले धोकेही नेहमी शत्रूकडूनच येतात असं नाही. 17 जानेवारी 2013 रोजी ‘गार्डियन’ हे अॅव्हेंजर वर्गाचं जहाज फिलिपाइन्सच्या तुब्बाताहा प्रवाळबेटावर चढलं. डिजिटल नकाशात ते प्रवाळ खऱ्या जागेपासून सुमारे आठ सागरी मैल सरकलेलं होतं. चौकशीत दोष मात्र जहाज चालवणाऱ्यांवरच आला, कारण इतर खुणा आणि नकाशे पडताळून पाहता आले असते. जहाज शेवटी जागेवरच कापून तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागलं. सेंटिमीटरच्या सावल्या वाचणारं जहाज आठ मैलांच्या चुकीने गेलं, हे आमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी स्वतःशी घोळवतो.

निघण्यापूर्वीची एक तयारी बाहेरच्यांना माहीत नसते. जहाजाला मोजणीच्या पट्ट्यावरून पुन्हापुन्हा नेलं जातं. तळाला उपकरणं लावलेली असतात. ती जहाजाचं चुंबकत्व आणि आवाज मोजतात. जहाजाभोवती विजेची वेटोळी असतात, त्यातला प्रवाह कमी-जास्त करून उरलंसुरलं चुंबकत्व मारायचं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अक्षांशानुसार बदलतं, त्यामुळे थंड उत्तरेत लावलेला प्रवाह विषुववृत्ताजवळ कामाचा नाही. वाटेत पुन्हा जुळवावा लागतो. डायव्हरची हत्यारं, टाक्या, चाकूसुद्धा बिनचुंबकी. एका मोजणीत आमचा आलेख एका कोपऱ्यात हट्टाने वर जात होता. दोन दिवस शोधल्यावर सापडलं, की कुणीतरी व्यायामासाठी लोखंडी वजनं आणून पलंगाखाली ठेवली होती. नाव सांगत नाही, शरीरयष्टी अजून चांगली आहे.

आता सराव. तुम्हाला वाटतं तसा सोपा सराव असतो खरा, पण तो सुरुवातीचा. जागा ठाऊक असते, खोटा सुरुंग ठाऊक असतो, ऑपरेटरला फक्त त्याची सावली ओळखीची व्हावी एवढाच हेतू. खरा सराव सुरू होतो तो सुरुंग टाकणारा आणि शोधणारा वेगळे झाल्यावर. टाकणारे पंच असतात; किती टाकले, कुठे, कोणते, हे त्यांच्या लखोट्यात. चांगले सरावसुरुंग निव्वळ डमी नसतात, त्यांच्या पोटात नोंद ठेवणारी यंत्रणा असते. तुमचं जहाज वरून गेलं तेव्हा त्याने काय ऐकलं, खरा असता तर फुटला असता का, कोणत्या क्षणी, हे सगळं ते टिपतात. काही तर धूर सोडून किंवा फुगा वर पाठवून तिथल्या तिथे सांगतात की बाबा, तू मेलास. सकाळच्या चहाच्या वेळी मागे धुराचा पट्टा उठलेला दिसला की ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, जी शांतता पसरते, ती विसरता येत नाही.

आमचं यश टक्क्यांत मोजतात. ‘या भागात 90 टक्के सफाई’ म्हणजे तिथे सुरुंग असतील तर प्रत्येकाला पकडण्याची शक्यता 90 टक्के. दहा सुरुंग असतील तर सरासरीने एक मागे राहतो. नवखा माणूस लगेच म्हणतो, मग दुसरी फेरी मारा, 99 टक्के होईल. कागदावर होतं. समुद्रात होत नाही. कारण पहिल्या फेरीत जो सुरुंग चुकला तो नशिबाने चुकलेला नसतो, तो चिखलात अर्धा गाडलेला असतो किंवा खडकाच्या आड असतो. त्याच सोनारला तो दहाव्या फेरीतही दिसणार नाही. म्हणून पद्धत बदलावी लागते: कोन बदला, खोली बदला, नाहीतर सोनार सोडून झाडून काढायला घ्या. गाडलेला सुरुंग आपल्याला दिसत नसला तरी त्याला आपण ऐकू येतो. मघाशी स्वीपिंगला रजा देता येत नाही म्हणालो ते या कारणाने. आणि सरावाशिवाय हे उमगत नाही, कारण पंचांच्या लखोट्यातूनच कळतं की चुकलेले सुरुंग नेमके कुठे होते आणि का चुकले.

एक सराव सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात सगळ्यात जास्त आहे. मी आखणाऱ्यांच्या बाजूला नवा होतो. तीन दिवसांचा सराव, तीन जहाजं, प्रत्येकाला स्वतंत्र क्षेत्र. एका क्षेत्रात आम्ही काहीच टाकलं नाही. एकही नाही. त्या जहाजाचे लोक कसलेले होते. तीन दिवसांनी त्यांचा अहवाल आला: दोन सुरुंग सापडले, निकामी केल्याची नोंद केली. दोन्ही ठिकाणी खडक होते. पाणी गढूळ, कॅमेऱ्यात अंधुक गोल आकार, आणि मनात पक्कं की सराव आहे म्हणजे सुरुंग असणारच. मागच्या सरावात चार सापडले होते, यंदा शून्य लिहायला हात धजला नाही. बैठकीत लखोटा उघडला तेव्हा त्यांचा कप्तान काही बोलला नाही. संध्याकाळी येऊन म्हणाला, “पुढच्या वेळी दर सरावात एक रिकामं क्षेत्र ठेवत जा.” तेव्हापासून ठेवत आलो.

खोट्या सुरुंगाला सुरुंग म्हणणं निरुपद्रवी वाटेल, पण तसं नाही. खऱ्या मोहिमेत प्रत्येक खोट्या घोषणेमागे वेळ, स्फोटकं आणि डायव्हरचा जीव पणाला लागतो. आणि सुरुंग आहेत एवढी बातमी पसरवूनच शत्रूचं निम्मं काम होतं. 1984 च्या उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात आणि सुएझच्या आखातात दीड-डझनाहून जास्त जहाजांना स्फोटांचे धक्के बसले. कुणी, किती, कुठे टाकले, कुणालाच माहीत नव्हतं. संशय एका लिबियन मालवाहू जहाजावर होता. अनेक देशांच्या पथकांनी आठवडेच्या आठवडे तळ चाळला. नव्या बनावटीचा एक सुरुंग ब्रिटिश पथकाच्या हाती लागला. त्या सगळ्या काळात खरा प्रश्न ‘सापडला का’ हा नव्हता, ‘आता थांबलो तर चालेल का’ हा होता.

मोठ्या बहुराष्ट्रीय सरावांबद्दल माझं मत मिश्र आहे. 2012 पासून पश्चिम आशियातल्या पाण्यात होणारा आंतरराष्ट्रीय सुरुंगविरोधी सराव असो किंवा 1972 पासूनचा बाल्टिकमधला ‘बाल्टॉप्स’, त्यांत फोटो आणि भाषणांचा भाग बराच. पण एक गोष्ट तिथेच शिकता येते. सहा देशांची जहाजं एकाच मार्गावर लावली की पहिल्या दिवशी एकाच पिंपाला सहा क्रमांक पडतात. कुणाचं अंतर मीटरमध्ये, कुणाचं यार्डात. कुणी ‘बहुधा सुरुंग’ म्हणतो तेव्हा त्याला जे म्हणायचं असतं, ते दुसऱ्याच्या ‘कदाचित सुरुंग’एवढंच असतं. सफाई झालेल्या आणि न झालेल्या क्षेत्रांची सीमा दोन नकाशांवर दीडशे मीटरने वेगळी पडली, तर तो दीडशे मीटरचा पट्टा कुणीच बघितलेला नसतो. हे भांडण सरावात, कॉफी पिता पिता झालेलं बरं.

बाल्टिकमध्ये आणखी एक वेगळेपण आहे: तिथे सरावात खरे सुरुंग सापडतात. दोन महायुद्धांत तिथे हजारोंनी सुरुंग टाकले गेले आणि बरेच अजून तळाशी आहेत. ‘ओपन स्पिरिट’ हा तिथला सराव म्हणजे प्रत्यक्षात दरवर्षीची साफसफाईच. डायव्हर आणि ऑपरेटरला याहून चांगली शाळा नाही. ऐंशी वर्षं गंजलेला सुरुंग सावलीत कसा दिसतो, हे कोणत्याही डमीने शिकवता येत नाही. जपानी नौदल इवोतो बेटाजवळ खऱ्या स्फोटकांचा सराव करतं, तोही याच कारणाने.

पण उडवून टाकण्याची सवय वाईट. ऑगस्ट 2019 च्या अखेरीस जर्मनीजवळ फेहमार्नच्या सामुद्रधुनीत दुसऱ्या महायुद्धातले 42 सुरुंग उडवले गेले, काही तर संरक्षित सागरी क्षेत्रात. नंतरच्या आठवड्यांत किनाऱ्यावर पॉर्पॉइझ (डॉल्फिनसारखे छोटे सागरी प्राणी) मरून आले आणि त्यांतल्या काहींच्या कानांत स्फोटाच्या इजा आढळल्या. पाण्यात बुडबुड्यांचा पडदा सोडून स्फोटाचा धक्का कमी करता येतो, हे तंत्र माहीत असलेलं आहे. त्याला वेळ आणि पैसा लागतो. आमच्या धंद्याने हे आधीच अंगी बाणवायला हवं होतं, असं मला वाटतं.

जहाजावरचं आयुष्य थोडक्यात सांगतो. चाळीस-पंचेचाळीस माणसं, सहा तास काम, सहा तास विश्रांती, असं आठवडेच्या आठवडे. सोनारच्या पडद्यासमोर माणसाची नजर फार वेळ ताजी राहत नाही, म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने माणूस बदलतात. सुरुंगक्षेत्रात शिरलं की पाणरेषेखाली कमीत कमी माणसं ठेवायची, सगळ्यांनी हेल्मेट आणि जीवरक्षक जाकीट घालायचं आणि उभं राहताना गुडघे किंचित वाकवायचे. खालून धक्का आला तर ताठ पाय मोडतात. हे गुडघे वाकवणं इतकं अंगवळणी पडतं, की घरी भांडी घासतानाही मी तसाच उभा असायचो.

सुरुंगविरोधी दल नसेल तर काय होतं, याची उदाहरणं बरीच आहेत. ऑक्टोबर 1950 मध्ये कोरियात वोन्सानच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं होतं. समोर सुमारे 3000 सुरुंग, आणि माइनस्वीपर मूठभर. महायुद्धानंतर बहुतेक मोडीत काढलेले. 12 ऑक्टोबरला ‘पायरेट’ आणि ‘प्लेज’ ही दोन जहाजं काही मिनिटांच्या फरकाने बुडाली, 17 तारखेला एक जपानी माइनस्वीपर गेला. सैन्य जवळजवळ आठवडाभर समुद्रातच वर-खाली फेऱ्या मारत राहिलं. 1982 मध्ये फॉकलंडसाठी ब्रिटनने पाच मासेमारी ट्रॉलर घाईने माइनस्वीपर बनवून पाठवले. ट्रॉलरवाल्यांना दोर ओढण्याचं कसब उपजतच असतं, म्हणून जमलं. तळाच्या आधुनिक सुरुंगांपुढे ती युक्ती टिकली नसती.

अलीकडचं सांगायचं तर मार्च 2022 मध्ये काळ्या समुद्रातून वाहत आलेला सुरुंग तुर्कस्तानातल्या बॉस्फरस सामुद्रधुनीच्या तोंडाशी सापडला. नांगर तुटलेला सुरुंग आपोआप निकामी झाला पाहिजे, असा नियम 1907 च्या हेग करारातच आहे. सुरुंगाला तो वाचता येत नाही. जानेवारी 2024 मध्ये तुर्कस्तान, रुमानिया आणि बल्गेरिया यांनी मिळून सुरुंगविरोधी पथक उभं करण्याचा करार केला. त्याच सुमारास युक्रेनला ब्रिटनने दिलेली दोन माइनहंटर जहाजं मात्र तिथे जाऊ शकली नाहीत, कारण माँत्रो करारानुसार युद्ध चालू असताना तुर्कस्तानने लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना ही सामुद्रधुनी बंद ठेवली. त्यांवरचे युक्रेनी खलाशी दूरच्या पाण्यात सराव करत राहिले. ज्या समुद्राची यादी त्यांना बनवायची आहे, तो त्यांच्या सोनारखाली नाही, ही त्यांची अडचण मला फार जवळची वाटते.

यंत्रं आल्यावर हे सगळं संपणार का, असं पुढचं विचारलं जातं. बदल मोठा आहे. आखातातली अमेरिकेची लाकडी जहाजं 2025 मध्ये निवृत्त झाली. आता माणूस धोक्याच्या क्षेत्राबाहेर राहतो आणि आत जातं ते मानवरहित यान. माझ्या गुडघ्यांच्या दृष्टीने ही उत्तम बातमी. पण पूर्वी ऑपरेटर चार नॉटने एकेक सावली बघायचा, आता यान आठ तासांची चित्रं एकदम घेऊन परत येतं आणि ती बघायला बसणारा माणूस तोच असतो. खडकाला सुरुंग म्हणण्याचा मोहही तोच. संगणक मदत करतो, पण ज्या तळाची चित्रं त्याने आधी पाहिली नाहीत तिथे तोही नवखाच. म्हणून रिकामं क्षेत्र आता मी त्यांच्यासाठीही ठेवायला सांगतो.

माझ्या शेवटच्या तैनातीत नव्या तुकडीला जहाज सोपवताना मी माझ्या जागी येणाऱ्या मुलीला वस्तूंची यादी दाखवत होतो. मार्गाच्या मध्यावर एक वस्तू होती, अकरा वेळा नोंदलेली, तीन वेगवेगळ्या तुकड्यांनी कॅमेरा पाठवून पाहिलेली. अर्धवट गाडलेलं इंजिन. तिने विचारलं, “मग ही पुन्हा बघायची कशाला?” मी म्हणालो, बघू नकोस. दुसऱ्या दिवशी मी विमानात असताना तिने ती बाराव्यांदा बघितली आणि नोंद करून ठेवली: दोन मीटर पूर्वेकडे सरकली आहे, बाकी तसंच.